एका इंजिनावर आम्ही तिघं

मागच्या आठवड्यात नांदेडहून बेंगलोरच्या विमानात बसलो... आणि तासाभरात परत नांदेडलाच उतरलो. एक इंजिन हवेतच बंद करावं लागलं होतं.

आम्ही तिघं होतो. आई, धाकटा भाऊ महेश आणि मी. माझं अहमदपूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि आई माझ्याकडेच असते. महेश बेंगलोरला कंपनीत आहे. नवा फ्लॅट घेतल्यावर तो आईला तीन-चार महिन्यांसाठी न्यायला आला होता. मी नुसता सोबतीला, लगेच परत येणार होतो.

घरात सगळे खूश होते. मी सोडून.

आदल्या दिवशी आईनं चुलीवर धपाटे केले, महेशला आवडतात म्हणून. आवडतात तर मलाही... पण रोज घरात जेवणाऱ्याला कोण विचारतं? मी गुपचूप बॅगा भरल्या.

विमान लहान होतं, पंख्याचं. दोन्ही बाजूंना दोन-दोनच सीट. आई खिडकीत बसली, शेजारी महेश, आणि मी मधली वाट सोडून पलीकडे, एका अनोळखी माणसाच्या बाजूला. विमान उडालं तसा आईनं महेशचा दंड धरला आणि खाली बघत म्हणाली, "ही आपली गंगा का रं, महेश?"

गोदावरीला दर वर्षी आईला मी घेऊन जातो. विचारलं मात्र त्याला... पोटात असं दुखलं म्हणून सांगू!

थोड्या वेळानं एक हिसका बसला. आवाज एकदम निम्मा झाला आणि विमान जरासं एका अंगाला झुकलं. चहाची ट्रॉली घेऊन निघालेली मुलगी ट्रॉलीसकट मागे वळली.

"पंखा थांबलाय की रं," आई म्हणाली.

मी वाकून पाहिलं. आईच्या खिडकीबाहेर पंख्याची पाती स्पष्ट, एक-एक वेगळी दिसत होती. ती अशी दिसायला नको होती.

मग पायलटचा आवाज आला. बाई होत्या. आधी इंग्रजीत, मग हिंदीत शांतपणे म्हणाल्या, एक इंजिन बंद केलंय, विमान दुसऱ्यावर नीट उडू शकतं, आपण नांदेडला परत चाललोय, बेल्ट बांधून ठेवा. मागे एक बाई मोठ्यानं रडायला लागल्या.

आईला काही कळलं नव्हतं. ती महेशला विचारत होती, पण महेश पुढची सीट घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. शेवटी मीच पलीकडून सांगितलं.

"दुसरं चालू हाय न्हवं?"

"हाय, आई."

"मग गप बसा दोघं बी."

असं म्हणून तिनं महेशचं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं. खरं सांगतो... जीव जायची वेळ आली होती, आणि माझ्या मनात आलं की मरताना पण हाच तिच्या शेजारी.

तेवढ्यात महेशनं न बघताच वाटेच्या पलीकडून माझ्याकडे हात पुढे केला. गार पडला होता. मी तो धरला, आणि चाकं जमिनीला लागेपर्यंत सोडला नाही. बाहेर अग्निशमनच्या गाड्या आमच्या बरोबरीनं धावत होत्या. विमान थांबलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत हॉलमध्ये आणून बसवल्यावर सांगण्यात आलं... संध्याकाळी दुसरं विमान येईल, ज्यांना जायचं नाही त्यांचं तिकीट रद्द करू.

आई माझ्याकडे वळली. "दत्ता, तू सांग. जाऊ का घरी येऊ?"

मला हेच तर हवं होतं! नुसतं 'घरी चल' म्हणायचं... कुणी नाव ठेवलं नसतं. उलट शहाणा ठरलो असतो. तोंड उघडलंच होतं, तोच महेश हळूच म्हणाला, "दादा, मी लातूरला शिकायला होतो तेव्हा एसटीनं डबा यायचा रे रोज... आई न्हाई यायची. तुझ्याजवळ तर ती कायमचीच हाय."

तो डबा अहमदपूरच्या स्टँडवर मीच नेऊन द्यायचो. रोज चरफडत, की सगळं चांगलंचुंगलं त्यालाच. त्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला एकटा बसून जेवणारं पोर मला कधी दिसलंच नव्हतं.

"जा, आई," मी म्हणालो. "भ्यायचं काय त्यात. मी पण येतो सोडायला."

मला वाटलं होतं, ती जरा तरी का-कू करेल. 'तुझ्याशिवाय करमायचं न्हाई' असं काहीतरी म्हणेल. कुठलं काय! "बरं मग, महेश, च्या तरी पाज," म्हणत ती अशी टुणकन उठली, की माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं...

संध्याकाळी गेलो, नीट पोचलो. दोन दिवसांनी मी ट्रेननं एकटाच परत आलो. आता रोज आईचा व्हिडिओ कॉल येतो. महेशनं फिरायला नेलं, महेशनं चप्पल आणली, महेशच्या गॅलरीत किती वारा लागतो! मी हसून हो-हो म्हणतो, फोन ठेवतो आणि जळत बसतो.

त्या पायलट बाईंचं नाव मला माहीत नाही. पण बाई, ही पोस्ट कधी तुमच्यापर्यंत पोचलीच तर... जिच्यासाठी भांडावं ती आई आणि ज्याच्यावर जळावं तो भाऊ, दोघंही मला सुखरूप खाली आणून दिलेत. लई उपकार झाले.