द्वारकाबाईंचे बारावे स्टूल

पूजेच्या सोळा उपचारांत आवाहनानंतर लगेच आसन येते. देवाला बोलावले की प्रथम बसवायचे; पाद्य, स्नान, गंध, पुष्प, नैवेद्य हे सारे त्याच्या मागून. हा क्रम ज्यांनी लावला, त्यांना शास्त्राइतकीच पायांचीही जाण असली पाहिजे. लांबून आलेल्याचे पहिले दुखणे पायांचे असते, आणि ते हलके केल्याखेरीज त्याच्याशी केलेले बोलणे हे संभाषण नसून अडवणूक असते. आजच्या व्यापाराने बाकीचे उपचार मोठ्या निष्ठेने सांभाळले आहेत. आवाहन तर मोबाईलवर अहोरात्र चालू असते. दिव्यांची आरास आहे, सुगंधी फवारा आहे, दक्षिणेचा विसर तर कधीच पडत नाही. आसन तेवढे या क्रमातून गळून गेले. ज्या बाईने आपल्या दुकानापुरते ते गळू दिले नाही, तिच्याविषयी हे चार शब्द आहेत. सोळा उपचारांची नावे तिला ठाऊक नव्हती. पूजेला तिला फारशी सवडही नसे.

छावणीच्या बाजारात, लष्करी बूट विकणाऱ्यांच्या ओळीच्या टोकाला, द्वारकाबाईंचे कॅनव्हासचे दुकान. तंबू, ताडपत्र्या, पाठीवरच्या पिशव्या, पाण्याच्या कॅनव्हासच्या छागली, असा सगळा माल. तिचे सासरे पलटणीसाठी तंबू शिवत. दिवसभर पहाऱ्यावर ताठ उभा राहिलेला शिपाई संध्याकाळी बकल तुटलेली पिशवी घेऊन येई, तेव्हा सासरे आधी घडीचे स्टूल उघडून त्याच्यापुढे ठेवत आणि तो टेकल्यावरच पिशवीला हात लावत. शेंद्र्याकडच्या एका वस्तीवरून लग्न होऊन आलेल्या द्वारकाबाईने ही रीत पाहिली आणि ती दुकानाचा कायदा समजून उचलली. पुढे सासरे गेले, नवरा गेला, एकुलता मुलगा आणि सूनही एका अपघातात गेली. जड कापडाचे शिलाईयंत्र, दाभणांचा डबा, हा कायदा आणि अपेक्षा नावाची नात एवढे तिच्या पदरात राहिले.

कायद्याला अपवाद नव्हता. गिऱ्हाईक दारात उभे राहून कितीही घाईने बोलले तरी बाई ऐकू न आल्यासारखी स्टुलाकडे बघत राही. फारच ताणले तर म्हणे, "आधी बसा. उभ्या माणसाशी मला बोलता येत नाय." सुट्टीला डोंगर भटकणाऱ्या आमच्या पायवाट मंडळाचे अध्यक्ष श्रीनिवासराव, निवृत्त प्राध्यापक, एकदा आपल्या फाटलेल्या पिशवीचा सविस्तर इतिहास पाच मिनिटे उभ्याने सांगत होते. संपल्यावर बाईने स्टूल पुढे सारले आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लावले.

पाचेक वर्षांपूर्वी जालना रस्त्यावर, चिकलठाण्याच्या अलीकडे, गिर्यारोहण आणि वनविहाराच्या साहित्याचे एक विशाल दुकान उघडले. नाव सांगून त्याची जाहिरात करण्याची इच्छा नाही. आत प्लास्टिकचे गवत आहे, चढाईसाठी खोटा कडा आहे, आणि ज्या गावात सावलीतही घाम फुटतो तिथे बर्फात निजण्याच्या पिशव्यांची एक भिंतच्या भिंत आहे. आमचे मंडळ तिथे तीर्थयात्रेला जावे तसे सहकुटुंब गेले. त्यानंतरच्या वैशाखात श्रीनिवासरावांनी 'स्थानिक दुकाने आणि आपले कर्तव्य' या विषयावर व्याख्यान दिले, ते हिमालयासाठी शिवलेले जाकीट घालून. जाकीट त्या दुकानातले होते आणि सवलतीत मिळाले होते, हे त्यांनी व्याख्यानानंतर चहाच्या वेळी सांगितले. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो आणि माझ्या पायांतले बूटही जालना रस्त्याचेच होते. दुसऱ्या दिवशी, त्याच दुकानातून घेतलेल्या पिशवीचा पट्टा उसवला म्हणून, श्रीनिवासराव ती छावणीत घेऊन गेले आणि स्थानिक अर्थव्यवस्थेला पाठबळ देण्याच्या शुद्ध भावनेने त्यांनी बाईला दहा रुपये कमी करायला सांगितले.

अशा पाठबळावर दोन माणसे जगेनात. बारावी झालेली अपेक्षा जालना रस्त्यावरच्या दुकानात कामाला लागली. तिथे कोणी नोकर नव्हते. सगळे 'साहसदूत' होते. गणवेशाच्या पाठीवर हिमशिखर छापलेले होते. हे दूत कंपनीचे नसून कंत्राटदाराचे होते, आणि अपेक्षाला महिन्याभराच्या पगारात दुकानातला मोठा तंबू घ्यायचा झाला असता तर दांडे सोडून घ्यावा लागला असता. ज्या दूताला साहस परवडत नाही त्याने ते दुसऱ्याला विकावे, असा त्या पदाचा व्यावहारिक अर्थ होता.

तिच्याकडे खुर्च्यांचा विभाग होता. नदीकाठी, माळावर, आकाशदर्शनाला नेण्याच्या घडीच्या खुर्च्या, पन्नास प्रकारच्या. त्या उघडून दाखवायच्या, मिटून दाखवायच्या. बसून दाखवायच्या मात्र नाहीत. अकराही साहसदूतांनी सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत उभे राहायचे असा तिथला नियम होता. संध्याकाळी अपेक्षा मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसली की आजी विचारी.

"दिवसभर खुर्च्यांमधी असती, आन् टेकत नाय?"

"बसलं की आळशी दिसतं म्हणतेत, आजी."

"मग खुर्च्या कुणासाठी ठेवल्या?"

"विकत घेणाऱ्यासाठी."

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा अपेक्षा नमुन्याच्या खुर्चीवर चार मिनिटे बसली. भिंतीवरच्या कॅमेऱ्याने ती चार मिनिटे मोजली आणि लेखी ताकीद आली. महिन्याने ती बुटांच्या खोक्यावर टेकली, तेव्हा दुसरी आली. तिसऱ्या ताकिदीनंतर काम जाते. घरचे धान्य, दिवाबत्ती आणि आजीची रक्तदाबाची औषधे त्या पगारातून येत होती.

याच सुमारास दुकानाला तीन वर्षे झाली आणि मुख्य कार्यालयाला स्थानिक संस्कृतीची आठवण झाली. व्यवस्थापक राजकुमार हा शेंद्र्याचा मुलगा. घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, त्यातून वडिलांना मोबदला मिळाला आणि बऱ्याच वळणांनी राजकुमारला गळ्यात अडकवायचा बिल्ला मिळाला. त्याला वरून हुकूम आला की वर्धापनदिनी एक स्थानिक कारागीर दुकानात काम करताना दिसावा, त्याचे थेट चित्रण मुख्य कार्यालय पाहील, आणि कारागीर शक्यतो वृद्ध असावा. पायवाट मंडळाने एकमुखाने द्वारकाबाईंचे नाव सुचवले. अपेक्षा तिची नात आहे हे राजकुमारला कळले तेव्हा त्याला हा शुभशकुन वाटला.

अपेक्षाला वाटला नाही. तिने आजीला बजावले, "तिथं काई बोलू नको. माझ्या नावावर दोन ताकिदी हायेत."

"एक शब्द जास्तीचा बोलणार नाय," आजी म्हणाली. "दुकानात बोलते तेवढंच." मग तिने सहज विचारावे तसे विचारले की तिथे उभी राहणारी माणसे किती. अकरा, आणि व्यवस्थापक धरून बारा, असे अपेक्षाने सांगितले. पुढचे दहा दिवस बाई शिल्लक कॅनव्हास कापत होती. तंबूची मागणी आली असेल असे समजून अपेक्षाने विचारले नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी बाई रिक्षा-टेम्पोतून यंत्र आणि एक भलामोठा गठ्ठा घेऊन उतरली. नऊवारी नेसून यावे अशी सूचना होती. ती नेहमीच्या सहावारीतच आली. प्लास्टिकच्या गवतावर बांबूची झोपडी उभारलेली होती, झेंडूची तोरणे होती आणि 'स्थानिक हात, जागतिक वाट' अशी पाटी होती. त्या झोपडीत बाईला स्थापन करण्यात आले. समोर मोबाईल उंचावून आमचे मंडळ उभे होते आणि भिंतीलगत, पाठीवर हिमशिखरे घेऊन, अकरा साहसदूत. दुरुस्तीसाठी श्रीनिवासरावांनी आपली पिशवी अर्पण केली. तिचा दुसरा पट्टाही एव्हाना उसवला होता.

बाईने पिशवी मांडीवर घेतली आणि हात तसेच ठेवले. चित्रण चालू होऊन मिनिट झाले, दोन झाली. राजकुमार वाकून हळूच म्हणाला, "मावशी, सुरू करा ना."

"आधी बसा," बाई म्हणाली.

मंडळाला ही रीत माहीत होती. सगळे कौतुकाने हसले. श्रीनिवासरावांनी ही आतिथ्याची प्राचीन परंपरा असल्याचे कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगितले आणि आम्ही सर्व जण नमुन्याच्या खुर्च्या ओढून त्यांवर बसलो. शिलाईयंत्र तरीही सुरू होईना.

"अजून उभी हायेत," बाईने भिंतीकडे पाहत म्हटले.

राजकुमार म्हणाला की ते कर्मचारी आहेत, ते ड्यूटीवर आहेत.

"मी बी ड्यूटीवरच हाय," बाई म्हणाली, "आन् बसलेय."

मग तिने गठ्ठ्याची दोरी सोडली. आत घडीची स्टुले होती, जाड हिरव्या कॅनव्हासची, दुहेरी शिवणीची. तिने ती एकेक करून उघडली आणि गवतावर ओळीने मांडली. तिच्या गुडघ्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, पण आम्ही नुकतेच आरामात बसलो असल्यामुळे कोणी मदतीला उठले नाही. मुले-मुली जागची हलली नाहीत. जो प्रथम बसेल त्याचे नाव कॅमेरा टिपणार होता, हे त्यांना आमच्याहून चांगले कळत होते. सगळे राजकुमारकडे पाहत होते आणि राजकुमार चित्रण करणाऱ्या यंत्राकडे.

भिंतीपासून अपेक्षा निघाली. आजीने बोलू नये म्हणून जिने विनवले होते, ती स्वतः चालत आली आणि पहिल्या स्टुलावर बसली. तिने आजीकडे पाहिले नाही. आपल्याच बुटांकडे पाहत राहिली. तिच्यामागून एक मुलगी आली, मग दोन मुले, आणि मग उरलेले सगळे. एक स्टूल रिकामे होते. बाईने ते पायाने किंचित पुढे सरकवले.

"बारावं तुझं हाय, लेकरा."

राजकुमार तिथे सकाळी आठपासून उभा होता. तो बसला आणि बसताना त्याच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तो कॅमेऱ्याच्या ध्वनिग्राहकाने मुख्य कार्यालयापर्यंत पोहोचवला. मग यंत्र सुरू झाले. श्रीनिवासरावांच्या पिशवीचा हा पट्टा पक्का व्हायला बावीस मिनिटे लागली आणि तेवढा वेळ त्या दुकानात सर्व जण बसलेले होते.

मुख्य कार्यालयाला चित्रण फार आवडले. 'आमचे कुटुंब' असे नाव देऊन ते सर्वत्र दाखवण्यात आले. मग कुटुंब पुन्हा भिंतीलगत उभे करण्यात आले. बाई मुलांसाठी ठेवून गेली होती त्या स्टुलांना किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या, ती 'स्थानिक हस्तकला' या फळीवर गेली आणि दोन दिवसांत संपली. त्यांपैकी सात आमच्या मंडळींनी घेतली. अपेक्षाला तिसरी ताकीद मिळाली नाही. कौतुक झालेल्या माणसाला ताकीद देणे शोभले नसते. महिनाअखेरीस मनुष्यबळाच्या पुनर्नियोजनात तिचा करार पुढे चालू ठेवला नाही, एवढेच.

ही बातमी राजकुमार स्वतः छावणीत घेऊन आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने तोंड उघडले, आणि बाईने स्टुलाकडे पाहिले. बसल्यावर त्याने सगळे सांगितले; स्टुले विकली गेल्याचेही.

"सगळी?" बाईने विचारले.

"अकरा. बारावं मी फळीवर ठेवलंच नाय." ते त्याने मोटारसायकलला बांधून आणले होते.

बाईने ते उलटून शिवण पाहिली आणि अपेक्षाला म्हणाली, "उद्यापासून दाभण धर."

पायवाट मंडळाने पुढच्या बैठकीत स्थानिक दुकानांतूनच खरेदी करण्याचा ठराव केला. बेचाळीस सह्या झाल्या. छावणीत तिघे आले. अपेक्षाच्या हाताला वर्षभरात जाड दोऱ्याचे घट्टे पडले. ती शाळांच्या सहलींसाठी पिशव्या शिवू लागली, आणि काही महिने जालना रस्त्याच्या पगाराएवढे हाती येई, काही महिने येत नसे. औषधे चुकली नाहीत. मिठाचे पाणी तापवण्याचे मात्र कारण उरले नाही.

द्वारकाबाई या वर्षी माघात, चार दिवसांच्या तापाने, घरीच गेली. मंडळाने शोकसभा घेतली. श्रीनिवासराव तिच्या आतिथ्याविषयी पाऊण तास बोलले आणि शेवटी आम्ही सर्वांनी दोन मिनिटे उभे राहून तिला श्रद्धांजली वाहिली.

छावणीत तिचे दुकान आहे, शिलाईयंत्र आहे आणि ते बारावे स्टूल आहे. अपेक्षा यंत्रावर बसते. स्टूल येणाऱ्यासाठी असते.