रडायच्या वर्गाच्या बाई

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला कळत नाही, अंदाजाने देते. हे कोणाला दाखवायचंही नाही. पण बाई दारव्हा सोडून गेल्यापासून त्यांच्याबद्दल कोणाशी तरी बोलावंसं वाटतं, आणि तोंडाने बोलणं मला जमत नाही. म्हणून लिहिते.

बाईंची पहिली गोष्ट म्हणजे त्या गप्प बसायच्या. आमच्याकडे असं कोणी बसत नाही. दोन बाया भेटल्या की पोरींची लग्नं निघतात, सोयाबीनचा भाव निघतो, कोणाची सून कशी वागते ते निघतं. बाई समोर बसून नुसत्या शेंगा सोलत राहायच्या. त्यांच्या गप्प राहण्याचं ओझं वाटायचं नाही. आपल्या तोंडातून शब्द निघेपर्यंत शेंगांचं टोपलं अर्धं व्हायचं. मधेच एखाद वेळी म्हणायच्या, "सांग आरामात. मले कुठी गाडी पकडाची हाये?"

त्यांची खोली बी-बियाणं आणि फवारणीचं औषध विकणाऱ्या दुकानाच्या वर होती. दर मंगळवारी दुपारी आम्ही सतरंजीवर गोल बसायचो. औषधाचा वास जिन्यातून वर यायचा. खाली दुकानात बसलेले माणसं आम्हाला बघून म्हणायचे, "चालल्या रडायच्या वर्गाले." बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की खाली ऐकू गेलं असेल. "खोटं काय हाये त्याच्यात? शिवणाचा वर्ग असते, तसा हा. शिवण शिकाले लाज नाही वाटत, मंग रडाले कायले वाटाची?"

मला मात्र वाटायची. माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर झोप गेली. भाजी चिरतानाही डोळे भरून यायचे. आमचे हे काळीपिवळी चालवतात, दारव्हा-यवतमाळ. ते विचारायचे, "काहून रडतं वं?" आणि मला काहूनचं उत्तर सापडायचं नाही. त्यांच्या गाडीत बाई नेहमी बसायच्या. एक दिवस ह्यांनीच मला त्या जिन्यापर्यंत आणून सोडलं आणि वर न बघता गाडी वळवून निघून गेले.

पहिले कितीतरी मंगळवार मी काही बोलले नाही. सगळ्यांचा चहा करायची, सतरंजी झटकायची, कोपऱ्यात बसायची. बाईंनी कधी टोचलं नाही. मग एकदा दुसरी बाई तिच्या आईबद्दल सांगत होती आणि मीच रडायला लागले. ऑपरेशन, रात्री, सासूचं बोलणं, सगळं निघालं. बाईंनी माझ्या हातातला कप तेवढा काढून घेतला, सांडेल म्हणून. त्या रात्री मी झोपले. औषध नव्हतं, काही नव्हतं. तेव्हापासून मी बाईंना मानायला लागले.

बाई आधी दवाखान्यात नर्स होत्या. नंतर नागपूरला समुपदेशनाचा कोर्स केला होता. नवरा वारला, मुलगा नागपूरला नोकरीला लागला, आणि त्या इथेच राहिल्या. वर्गाचे पैसे घेत नसत. कोणी वांगी आणायचं, कोणी तुरीची डाळ. पण खोलीचं भाडं वाढलं तेव्हा त्यांच्याकडे डाळच जास्त आणि पैसे कमी, असं झालं. तेव्हा त्यांनी मोबाईलवर एक शिकवणी लावली. तिथे एक मॅडम बाईंसारख्या लोकांना शिकवायच्या की आपला वर्ग लोकांपर्यंत कसा न्यायचा, त्याला नाव काय द्यायचं, फी कशी सांगायची. बाई कानात इअरफोनच्या बोंड्या घालून ऐकायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "इतके वर्ष मी तुमच्यासंग बसून राह्यली, ते काहीच नव्हतं म्हणे. आता आठ मंगळवारचा केला, नाव देलं, का झाला प्रोग्राम."

नाव ठेवलं 'मन मोकळं'. पत्रकं छापली. पहिल्या पत्रकावर 'महिलांचे मानसिक आरोग्य' असं लिहिलं, तर एकही बाई आली नाही. एका घरून सासू भांडायला आली, आमची सून वेडी हाय का म्हणून. बाईंनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि दुसरी पत्रकं छापली. त्यावर मोठ्या अक्षरात होतं: कंबरदुखी, झोप न येणे, जीव घाबरणे. म्हणाल्या, "डोक्याचं नाव काढलं का सासू सुनेले येऊ देत नाही. कंबरेचं नाव काढा, सासू सोता येते." आणि खरंच बाया चौकशीला आल्या. बाजाराच्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा फिरली. त्यात बाईंचाच आवाज होता, "जीव घाबरते का? या, बसा, सांगा." भाजीवाल्या बाया हसून एकमेकींना ढकलत होत्या, पण पत्रकं घडी करून कमरेला खोचतही होत्या.

फीचे पाचशे रुपये एकेकीने आधी द्यायचे होते. आमच्या गल्लीतल्या बायांनी ते माझ्या हातात दिले. माझी मोठी जाऊ कमलबाई, तिने तर मला स्पष्ट सांगितलं, "मी तुह्या त्या बाईले ओळखत नाही. तुले झोप येते, हे मी पाह्यलं. तुह्या तोंडाकडे पाहून देऊन राह्यली." मी पैसे बाईंना नेऊन दिले. त्यातूनच कोर्ससाठी मोठं सभागृह आणि ती भोंग्याची रिक्षा ठरली.

मोबाईलवरच्या मॅडमनी शिकवलं होतं की ज्याला फरक पडला त्याचा चेहरा लोकांना दाखवा. बाईंनी मला विचारलं, "सुमन, तुहा फोटो बॅनरवर लावू का वं?" मी खाली बघितलं. जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं, पण त्यांना नाही कसं म्हणायचं ते कळेना. बाई थोडा वेळ थांबल्या, मग मोबाईल काढून माझा फोटो घेतला. मला फोटोत हसता येत नाही. डोक्यावर पदर, सरळ बघते, तसाच आला.

बॅनरच्या दुकानात डिझाईन तयार असतात. बाईंनी नुसता फोटो आणि मजकूर मोबाईलवर पाठवून दिला, छापून आल्यावर बघितला नाही. दुकानदाराने माझ्या फोटोभोवती झेंडूच्या फुलांची चौकट टाकली, खाली दोन्हीकडे दिवे टाकले, माझं नाव मोठं आणि बाकीचा मजकूर बारीक. बॅनर एसटी स्टँडसमोर खांबाला बांधून टाकला. आमच्याकडे बाईमाणसाचा फोटो खांबावर लागतो तो एक तर निवडणुकीला, नाही तर ती मेल्यावर. आणि मी काही निवडणुकीला उभी नव्हते.

ह्यांच्या गाडीत एका प्रवाशाने हळू आवाजात विचारलं, "कशानं गेल्या?"

"कोण?" हे म्हणाले.

त्याने काचेतून बोट दाखवलं. यांनी तिथेच गाडी थांबवली. प्रवासी मागून ओरडत राहिले, हे उतरून बॅनर सोडायला लागले.

तोपर्यंत कोणीतरी तो फोटो मोबाईलवरून उमरखेडला पाठवला होता. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. ह्यांचा फोन लागेना, म्हणून दुपारच्या एसटीने तो आणि वहिनी निघाले. मी अंगणात तूर निवडत बसले होते. गल्लीच्या तोंडापासून वहिनीचा रडण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कोणाकडे तरी झालं असेल, म्हणून मी सूप बाजूला ठेवून उठले. वहिनी वळणावर आली, मला बघितलं, आणि तिचा हंबरडा मधेच तुटला. भाऊ म्हणाला, "ताई, तू तं जित्ती हायेस." त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेलं हिरवं पातळ होतं. सवाष्ण गेली की माहेरचं पातळ नेसवून नेतात, ते. ते त्याने कुठे ठेवावं हे त्याला कळेना. गल्लीतली सगळी दारं उघडी होती. मी मेलेली नाही, याचीच मला लाज वाटली.

भाऊ तसाच बाईंकडे गेला. मी मागून गेले, जिन्यातच उभी राहिले. तो खूप बोलला. बायांना रडवून पैसे कमावता, असंही बोलला. बाई नेहमीसारख्या गप्प होत्या, पण हातात काही काम नव्हतं. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "भाऊ, चूक माही हाये. मी छापलेलं पाहाले पाह्यजे होतं." मग त्यांना मी दिसले. "सुमन, मी तुले विचारलं, तू गप्प राह्यली, मी हो समजली. एवढ्या बायांचं गप्प राहणं समजून घेतलं मी, अन तुहंच चुकली. माह्या घाईनं चुकली."

मी त्यांना काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. ओठ उघडलेही. भाऊ माझ्याकडे बघत होता, खालचे दुकानातले माणसं जिन्यात मान घालून बघत होते. मी पदर तोंडाला लावला आणि खाली उतरले.

त्यानंतर कोर्सला कोणी जायला तयार नव्हतं. कमलबाई म्हणाली, "जित्त्या बाईले फुलात बसवलं तिनं. आपल्याले नाही बसाचं अशा जागी. माहे पैसे आणून दे." बाकीच्याही तसंच म्हणाल्या. मी पाणी भरायला पहाटे जायला लागले, कोणाला तोंड दिसू नये म्हणून. पैसे तर भोंग्यात आणि सभागृहात खर्च झाले होते. मी कापूस वेचायला जाऊन फेडते, असं बाईंना सांगायला गेले. एवढं एक वाक्य मी घरून पाठ करून नेलं होतं. बाई रागावल्या. त्यांना रागावलेलं मी तेव्हाच बघितलं. "तुहा चेहरा घेतला तेवढं पुरे नाही झालं का मले? आता मजुरीही घेऊ? एकेकीचे देईन मी. वेळ लागन, पण माह्याच हातानं देईन."

त्यांनी वर्गाची खोली सोडली, खुर्च्या आणि पंखा विकला. बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला मालीश करू लागल्या. नर्स असलेली बाई, कोर्स केलेली, लोकांच्या ओसरीवर पाय पसरून तान्ह्या लेकरांना आंघोळ घालायची. मला ते बघवायचं नाही. पैसे जमले की मंगळवारी दुपारी त्या कोणाच्या तरी घरी जायच्या. शंभर, कधी दोनशे. आणि गेल्या की लगेच निघायच्या नाहीत. घरची बाई रागाने का होईना चहा ठेवायची. बाई समोरचं काही तरी उचलून निवडायला घ्यायच्या, आणि गप्प. तासाभराने त्या घरातून रडण्याचा नाही तर हसण्याचा आवाज यायचा. मी पलीकडून ऐकायची.

कमलबाईचं तर असं झालं की शेवटचे शंभर राहिले, तेव्हा बाई आल्या की ती म्हणायची, "आज राहू द्या. पुढच्या खेपेले द्या. घाई नाही मले." तीन-चार खेपा तिने अशाच काढल्या. तिच्या मोठ्या मुलाचं लग्न मोडलं होतं. ते तिने मला, सख्ख्या जावेला, सांगितलं नव्हतं. बाईंना सांगितलं होतं.

मग बाईंच्या मुलाने त्यांना नागपूरला बोलावलं. गुडघे गेले होते, मालीशला खाली बसवत नव्हतं. जायच्या दिवशी त्या आधी माझ्याकडे आल्या. मी चहा ठेवला. बाईंनी हातात काही घेतलं नाही.

"सुमन, तेव्हा राग आला होता का वं तुले?"

मी खूप वेळ लावला. त्या थांबल्या. या वेळी पूर्ण थांबल्या.

"राग नाही," मी म्हणाले. "लाज वाटली. अजून वाटते. स्टँडवर मान वर नाही होत माही."

बाईंनी मान हलवली. समजावलं नाही, विसरून जा म्हटलं नाही. त्यासाठी मी त्यांचे पाय धरायला पाहिजे होते, पण तेही जमलं नाही. चहा झाल्यावर आम्ही दोघी शेजारी कमलबाईकडे गेलो. ती दारातच म्हणाली, "राहू द्या न बाई, पुढच्या खेपेले."

"पुढची खेप नाही आता," बाई म्हणाल्या. शंभराची नोट त्यांनी तिच्या हातात दिली आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटली. "तुहे झाले. साऱ्यांचे झाले."

कमलबाईने मूठ उघडून बघितलीही नाही. बाई गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तरी ती तशीच उभी होती. मग माझ्यावरच खेकसली, "अन आता आपुन बसाचं कुठी वं, मंगळवारी?"