शिल्पा कंडक्टरचं ऑपरेशन

अमळनेर-धुळे गाडीवर शिल्पा कंडक्टर असली की गाडीत भांडणं होत नाहीत, असं रोजचे प्रवासी सांगतात. दारात उभी राहून ती एकदा "पुढे सरका" म्हणाली की मागच्या बाकावर घोरणारा माणूससुद्धा पाय आवरून घेतो. पास विसरलेल्या कॉलेजच्या पोरांना ती अशी फैलावर घेते की दुसऱ्या दिवशी पोरं पास गळ्यात अडकवूनच चढतात. सडेतोड बाई, कुणाला भीत नाही. पण एक गोष्ट ती कित्येक वर्षं कुणाजवळ बोलली नव्हती. तिची छाती तिला पेलवत नव्हती.

यात हसण्यासारखं काही नाही. तरी लोक हसतात, आणि म्हणूनच ती गप्प होती.

फैजपूरला शाळेत असल्यापासूनचं हे दुखणं. बाकीच्या मुली दोरीवर उड्या मारायच्या तेव्हा ही दप्तर पोटाशी धरून भिंतीला टेकलेली असायची. लग्न झालं, मुलगी झाली, आणि ओझं आणखी वाढलं. विहिरीच्या काठावर दोरानं चर पडतात तसे तिच्या दोन्ही खांद्यांवर आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी चर पडले होते. खान्देशातला उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. मे महिन्यात छातीखालची कातडी ओली राहून लाल व्हायची, सोलून निघायची. तिथे पावडर लावून रुमालाची घडी खोचायची आणि कामावर निघायचं. मान आखडलेली, हाताला मुंग्या, आणि त्याच खांद्यावर पुन्हा पैशांची बॅग नि तिकिटाचं मशीन.

डॉक्टर म्हणायचे, वजन कमी करा. तिनं भात सोडला, गोड सोडलं. गाल बसले, दंड बारीक झाले, ओळखीच्या बायका आजारी आहेस का म्हणून विचारू लागल्या. छाती मात्र जागची हलली नाही. मग मानेचा एक्स-रे झाला, पट्टा झाला, मलमं झाली, गोळ्यांनी पोटाची वाट लागली. शेवटी तिला वाटू लागलं की रस्त्यावरची ड्युटी सोडून ऑफिसात टेबलावरचं काम मागून घ्यावं.

ते तिच्या जिवावर आलं होतं. तिच्या वडिलांनी फैजपूरला आयुष्यभर ट्रकमध्ये केळीचे घड भरले. त्या घरातली पहिली नोकरी हिची, तीही परीक्षा देऊन मिळवलेली. खाकी घालून ती पहिल्यांदा समोर उभी राहिली तेव्हा वडिलांनी तिला गोल फिरायला लावलं, नीट पाहून घेतलं आणि मग खाली बसून रडले. तिला ती चालती गाडी आवडायची, दर थांब्यावर चढणारी नवी माणसं आवडायची. 

मार्ग निघाला तो धुळ्याच्या एका त्वचेच्या डॉक्टरांमुळे. त्या म्हणाल्या, हा पुरळ दर उन्हाळ्यात येणार, याचं मूळ कातडीत नाही. तुम्ही प्लास्टिक सर्जनला दाखवा. प्लास्टिक म्हटल्यावर शिल्पाला हसू आलं. असलं काही सिनेमातल्या नट्या करतात, एसटीतल्या बाया नाही, असा तिचा समज होता. तरी ती गेली.

सर्जनबाई वयानं हिच्याएवढ्याच. त्यांनी आधी विचारलं, कुठे कुठे दुखतं? शिल्पा सांगत सुटली आणि तिचं तिलाच नवल वाटलं की सांगण्यासारखं इतकं साठलं होतं. सगळं ऐकून घेऊन बाईंनी माप घेतलं, फोटो काढले आणि काहीही न लपवता समजावलं. जास्तीचा भाग काढून टाकायचा, स्तनाग्र वर घ्यायचं, उरलेलं शिवायचं. व्रण राहणार, बोटीच्या नांगराच्या आकाराचे. फिके होतील, पण जाणार नाहीत. तिथली जाणीव कमी होऊ शकते. पुढे बाळ झालं तर दूध कमी येईल किंवा येणारही नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतीलच असं नाही. "तुम्ही सुंदर व्हाल असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या, "पण मानेवरचं ओझं उतरेल."

घरी रणकंदन झालं. नवरा प्रशील वायरमन. विजेच्या खांबावर चढताना न घाबरणारा माणूस भुलीच्या नावानं गर्भगळीत झाला. दुसरं मूल नको हे दोघांचं आधीच ठरलं होतं, त्यामुळे दुधाचा प्रश्न नव्हता. ती भुलीतून उठेल ना, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. सासू पार्वताबाई तर सरळ विरोधात उभ्या राहिल्या. "बठ्ठ्या बायास्नं आंग दुखस," सगळ्याच बायांचं अंग दुखतं, असं त्या म्हणाल्या. "त्या काय कापीसन फेकतस का?" शिल्पानं ब्लाउज सरकवून त्यांना खांदा दाखवला. पार्वताबाईंनी त्या चरावरून बोट फिरवलं, आणि मत न बदलता तोंड फिरवून घेतलं.

तारीख ठरली, तपासण्या झाल्या, आणि शेवटच्या भेटीत घोळ झाला. तंबाखू खाता का, असं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तेव्हा शिल्पा ठणकावून नाही म्हणाली होती. आता बाईंचं लक्ष तिच्या दातांकडे गेलं. हे काळं कशाचं? ती म्हणाली, ती तर मिश्री, दात घासायची. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. तिच्या आईनं लावली, सासू लावते, गल्लीतल्या निम्म्या बाया लावतात. त्यात तंबाखू जाळून घातलेला असतो हे ठाऊक असूनही मिश्रीला तंबाखू म्हणायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरत नाही, स्तनाग्राला रक्त पोचलं नाही तर ते काळं पडून जाऊ शकतं. मिश्री पूर्ण सुटेपर्यंत ऑपरेशन नाही, असं सांगून त्यांनी तारीख पुढे ढकलली.

आता सासू खूश होईल असं शिल्पाला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोनाड्यातली मिश्रीची डबी गायब. पार्वताबाई मोरीत बसून नातीच्या पेस्टनं दात घासत होत्या आणि तोंड वाकडं करत होत्या. शिल्पानं विचारलं तर म्हणाल्या, "मी लावसू त तुले बी तल्लफ ई." त्यांनी लावली तर सुनेलाही तल्लफ येईल, बस्स. पुढचे कित्येक दिवस त्यांचं डोकं ठणकत राहिलं, चहापासून झाडूपर्यंत सगळ्यावर त्या खेकसत राहिल्या, पण ज्या मिश्रीशिवाय त्यांची सकाळ उजाडली नव्हती ती त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. ऑपरेशन त्यांना तेव्हाही पटलेलं नव्हतं. शिल्पा सांगते, इतकं प्रेम तिच्यावर सख्ख्या आईनंही केलं नसेल.

ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी तिला उभं करून छातीवर पेनानं रेघा आखल्या. मग भूल. जाग आली तेव्हा छाती घट्ट बांधलेली, दोन्ही बाजूंनी नळ्या, घसा कोरडा, आणि पायाशी प्रशील. रडून डोळे सुजलेला, नवराच पेशंट असल्यासारखा. काढलेला भाग तपासणीला गेला, त्यात वाईट काही निघालं नाही. नळ्या लवकरच निघाल्या. दुखत होतं, पण तिनं धरलं होतं त्यापेक्षा कमी.

खरी परीक्षा घरी आल्यावर. उशा लावून उताणंच झोपायचं, हात वर करायचे नाहीत, जड उचलायचं नाही, आतून घट्ट बॉडी दिवसरात्र अंगावर. वेणी पार्वताबाई घालायच्या, डोकं प्रशील धुऊन द्यायचा, डोळ्यांत साबण घालत. आणि पाहुणे! पार्वताबाईंनी लाजेपोटी गल्लीत सांगितलं होतं, गाठ काढी. गाठ म्हटल्यावर लोकांनी कॅन्सरच धरला. बाया बिस्किटाचे पुडे घेऊन येत आणि हिचा हात हातात घेऊन हुंदके देत. एकीनं तर प्रशीलला बाजूला घेऊन मुलीकडे लक्ष द्यायला सांगितलं. शिल्पाला हसू फुटायचं आणि हसलं की टाके ओढायचे.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. पट्टी निघाली आणि तिनं आरशात पाहिलं, तेव्हा निळंकाळं, सुजलेलं, शिवलेलं ते अंग पाहून ती हमसून रडली. आपण हे काय करून बसलो असं वाटलं. खालच्या बाजूला टाके जुळतात तिथे जखम थोडी उकलली. बाई म्हणाल्या, होतं असं, भरेल. रोज ड्रेसिंग करून ती भरली, पण सावकाश. मधूनच सुई टोचावी तशी कळ यायची. मग सूज उतरत गेली, आणि एका दुपारी, बाईंनी परवानगी दिल्यावर, शिल्पा पोटावर पालथी झोपली. शाळकरी वयानंतर पहिल्यांदाच. पार्वताबाईंनी येऊन पाहिलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज न करता दार लोटून घेतलं.

डॉक्टरांचा दाखला मिळाल्यावर ती कामावर गेली. खांद्याला बॅग अडकवली तर बॅग नुसती बॅगेसारखी लागली. गाडीवर तिचे जुने ड्रायव्हर अभिमन नाना होते, निवृत्तीला टेकलेले, मोजकं बोलणारे. सुटीवर जाताना त्यांनाही तिनं गाठ आहे एवढंच सांगितलं होतं. नाना नुसतं "बरं" म्हणाले होते.

गाडी सुटली. पहिल्याच गतिरोधकावर अशी उसळली की शिल्पानं दांडा धरला. दुसऱ्यावरही तेच. नानांच्या गाडीत असं कधी व्हायचं नाही. नाना गतिरोधक आला की गाडी पार मुंगीच्या चालीवर आणत. गाडी उशिरा पोचते म्हणून त्यांना वरून बोलणीही बसली होती. वय झालं नानांचं, असं सगळे म्हणत, शिल्पाही. तिनं रोज येणाऱ्या एका शाळामास्तरांना विचारलं, मी नव्हते तेव्हा नाना कसे चालवायचे? मास्तर म्हणाले, अशीच, मजेत. हळू चालवायचे ते फक्त तुम्ही गाडीत असल्यावर.

शिल्पाच्या हातातलं तिकीट हातातच राहिलं.

धुळ्याच्या स्टँडवर चहा घेताना ती नानांच्या समोर बसली. नवरा आणि डॉक्टर सोडून कुठल्या पुरुषासमोर हे शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. ती म्हणाली, "नाना, गाठ नव्हती. छाती लहान करून घेतली मी. दुखायची फार."

"माहीत शे, ताई," नाना म्हणाले. चहाकडे बघत ते सावकाश बोलत राहिले. गाडीला धक्का बसला की ती छातीशी हात आडवा धरते हे त्यांनी आरशात पाहिलं होतं. लहानपणी बैलगाडीत त्यांची आई तशीच बसायची, आणि कासरा हातात आल्यापासून ते खड्डा बघून बैल थांबवायचे. हे बाईमाणसाशी बोलायचं कसं, म्हणून बोलले नव्हते. आज ती गाडीत ताठ चढली तेव्हाच ओझं उतरलं हे त्यांनी ओळखलं होतं. "मनी माय बी आशीच व्हती. जल्मभर वाकीसन चालनी. तिले कोणी इचारं नही, काय दुखस म्हनीसन."

सर्जनबाईंचे आभार शिल्पानं मानले होते, प्रशीलचे मानले होते, सासूला लुगडं घेतलं होतं. या माणसाचे आभार मानायचे राहिले होते. तिचे डोळे भरून आले होते.

"नाना, तुमच्या आईचं नाव काय होतं?"

नानांनी मान वर केली.  हे कुणी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"गेंदा," ते म्हणाले. मग कप खाली ठेवून, नीट बसून, पुन्हा म्हणाले, "गेंदाबाई."