आईचा आवाज आणि तीन एन्कोडर

“गाणं म्हणजे गाणं. कोनत्याबी एन्कोडरनं बनव, का फरक पडते?” माझा नवरा म्हणाला, आणि मला असा संताप आला की हातातला हेडफोन मी टेबलावर आपटला.

मूल गावच्या बसस्टँडजवळ आमचं मोबाइलचं दुकान आहे. आजूबाजूच्या गावांतल्या बाया बटणाचे साधे फोन घेऊन येतात आणि मेमरी कार्डात गाणी भरून नेतात. त्या कार्डांत जागा थोडी, म्हणून गाणं लहान करावं लागतं. हे काम एन्कोडर नावाचा प्रोग्राम करतो. गावाला जाताना पिशवीत न मावणारं आपण घरी ठेवून जातो ना, तसा तो आवाजातलं काहीबाही गाळून लहान एमपीथ्री बनवतो. काय गाळायचं हे मात्र जो तो एन्कोडर आपल्या अकलेनं ठरवतो. एरवी मीही नवऱ्यासारखंच म्हटलं असतं. पण हे गाणं माझ्या आईचं होतं.

आई धानाच्या रोवणीत गायची. बाया बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलात वाकून पऱ्ह्यांची रोपं रोवत आणि आई पुढे गाणं धरी; धृपद साऱ्या जणी मिळून उचलत. मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तिचा गळा खाल्ला. जळो तो खर्रा! ऑपरेशन झालं, आवाज गेला, गळ्याला भोक राहिलं आणि त्यातूनच ती श्वास घेऊ लागली. ऑपरेशनच्या आधी मी अंगणात बसवून तिचं एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. तेवढंच उरलं. आवाज गेल्यापासून आई भिंतीकडे तोंड करून बसे. बाया भेटायला आल्या तरी मान वळवत नसे. रोवणी तोंडावर आली तेव्हा मी ठरवलं, यंदाही बांधीत गाणं आईच धरणार आणि तिथं उभी राहून ती ते ऐकणार. तिला पुन्हा माणसांत आणायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

माझ्याजवळ तीन एन्कोडर होते. एक दुकानातल्या कॉम्प्युटरमधला जुना, एक फोनमधल्या अॅपचा, आणि एक फुकट मिळालेला, ज्यात बटणंच बटणं. तिन्हींतून मी सारख्याच आकाराच्या फाइली काढल्या, नाहीतर तुलना कसली! नवऱ्याला म्हटलं, नंबर उलटेपालटे कर, कोणती कशाची ते ऐकून होईपर्यंत मला सांगू नको. जुन्यात आईच्या बांगड्या तेलात वडे सोडल्यासारख्या चरचरत होत्या. फुकटवाल्यात आवाज जरा मंद लागला. अॅपवाल्यात मात्र एकदम चकचकीत. मी तोच निवडला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू मैदान मारलं.

रोवणीला मी आईला हाताला धरून, जवळजवळ ओढतच नेलं. आमच्याकडे बाया फोन रिकाम्या गंजात, म्हणजे पातेल्यात ठेवतात, म्हणजे आवाज बांधीभर घुमतो. तसा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गंज ठेवला आणि गाणं लावलं. आईचा आवाज आला तशा बाया हरखल्या. पण धृपद आलं आणि सगळा विचका झाला. कोणी आधी, कोणी मागून, कोणी गपच. शेजारची काकी कंबर सरळ करून हसली, “अवो बाप्पा, हे तं शाळेतल्या पोरायची कवायत होऊन राह्यली!”

बाकीच्याही हसल्या. आई उठली आणि घराकडे निघून गेली.

मला रडूच फुटलं. घरी गेले तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून. मी ओरडले, “काऊन व माय? तुह्यासाठीच तं करून राह्यली ना मी!” आई वळली. तिनं माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला, खांदे उचलले आणि भोकातून जोरात श्वास ओढला. मग बोटानं फोन दाखवला आणि नाई, नाई अशी मान हलवली.

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. धृपदाच्या आधी आई घसघशीत श्वास ओढत होती. वाकलेल्या बायांना पुढचं माणूस दिसत नाही, त्या श्वासावरच सगळ्या एकदम उचलत. आणि माझ्या त्या चकचकीत फाइलीत श्वासाच्या जागी नुसती पोकळी! बारीक, खरखरीत आवाज म्हणून एन्कोडरनं तो गाळून टाकला होता. मी चांगला आवाज शोधत बसले आणि आईचा इशाराच फेकून दिला.

पण मीही तिचीच लेक. आईला दुकानात आणून बाजूला बसवलं आणि तिन्ही फाइलींत फक्त तेवढीच जागा ऐकवत गेले. जुन्यात श्वास नाहीच. फुकटवाल्यात होता, पण दबलेला. त्याची बटणं चाळता चाळता लक्षात आलं, या फोनला स्पीकर एकच, मग डावा-उजवा असे दोन आवाज कशाला सांभाळायचे? एकच ठेवला. वाचलेली सगळी जागा त्या एका आवाजाला मिळाली. पुन्हा लावलं. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मान डोलवली. हाव, हेच.

पुन्हा बांधीत गेलो. आई धुऱ्यावर उभी राहिली, गळ्याला ओढणी गुंडाळून. गंजातून श्वास आला आणि धृपद साऱ्या बायांनी एकदम उचललं. काकी चिखलातूनच ओरडली, “आता जमलं, बाई!”

दुसरं कडवं झालं आणि ऐन धृपदाच्या तोंडावर फोन वाजला. कंपनीचा जाहिरातीचा कॉल. मेल्यांनो, हीच वेळ सापडली! गाणं बंद. बाया वाकलेल्याच, हातात पेंड्या, वाट बघत. मी फोनकडे धावले.

तेवढ्यात धुऱ्यावर आईनं ओढणी बाजूला केली, खांदे उचलले आणि भोकातून श्वास ओढला. मोठा, खरखरीत, साऱ्या बांधीला ऐकू जाईल असा.

बायांनी धृपद उचललं. एकीचंही चुकलं नाही. मी फोन गंजातून काढला आणि बंद करून ठेवला.