आधी पेशंटचं

"थांबा, आधी पेशंटचं होऊ द्या," असं म्हणून सिस्टर आत गेल्या. मी थांबलो, माझा हात थांबला नाही. समोरच्या स्टुलावर लाल झाकणाचा डबा उघडाच होता आणि त्यात हिरवट-तपकिरी बारीक दाणे होते. नवा शेजार, पहिलीच भेट, आणि मी ऑफिसातून थेट आलेलो. मूठभर दाणे तोंडात टाकले. थोडा सुकटीसारखा वास आला, पण पाहुण्याने चवीबद्दल बोलू नये म्हणून नेटाने चावत राहिलो.

सिस्टर बाहेर आल्या त्या घमेलं घेऊन. घमेल्यात ताटलीएवढं कासव. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या हलत्या जबड्याकडे.

"खाल्लं?"

"हो. छान आहे. घरी केलं का?"

"नागपूरहून येते. कासवाचं आहे." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "काही होत नाही जी. कॅल्शियम असते त्यात. तुमच्या वयाले बरंच आहे."

भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा मी नोकरीसकट जुन्या भंडाऱ्याच्या वाट्याला आलो, आणि बदल्या होत होत बऱ्याच वर्षांनी पवनीला. गल्लीत आमची ओळख 'कासवाचं खाणारे साहेब' अशी झाली, ती त्या दिवसापासून. ही बातमी सिस्टरांनी फोडली नव्हती. मीच घरी सांगितलं होतं, आणि आमच्या घरातलं काही घरात राहत नाही.

सिस्टरांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी त्या सिस्टरच. गावातल्या निम्म्या तरण्या लोकांचं पहिलं इंजेक्शन त्यांच्या हातचं; मिशा फुटलेले बाप्येही त्या समोरून आल्या की नकळत दंडावर हात ठेवत. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, पाहा.

कासव त्यांनी हौसेने आणलं नव्हतं. कानाशी लाल पट्टा असलेली ती परदेशी जात. नागपूरच्या नातवाने हट्ट करून घेतलं तेव्हा ते नाण्याएवढं होतं. वाढत गेलं तशी हौस आटली. मग सून म्हणाली, पवनीला जातोच आहोत तर वैनगंगेत सोडून देऊ. सिस्टर त्याच गाडीत होत्या; त्यांनी तिथेच ते मांडीवर घेतलं.

"नदीत आपली कासवं आहेत," त्या मला सांगत होत्या. "हा दांडगा. त्याइच्या तोंडचं खाईन, रोग देईन तो वेगळाच. याचा काही दोष नाही. पण सांभाळता येत नसन तर आणावं कायले?"

अंगणातलं सिमेंटचं टाकं हा त्यांचा वॉर्ड. सकाळचं ऊन यावं म्हणून एक बाजू उघडी, बसायला विटांचा ओटा, आणि पाण्यावर तरंगणारा समुद्रफेनाचा तुकडा. तो त्या जडीबुटीच्या दुकानातून आणत. कॅल्शियमसाठी कासव तो कुरतडायचं. जेवण मात्र टाक्यात नाही. त्यासाठी घमेलं वेगळं, म्हणजे टाक्यातलं पाणी नासत नाही. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायचा, "चला, इनडोर," म्हणायचं, की ते ओट्यावर चढून मान लांब करी. कधी दाणे, कधी तलावातला पाला, पावसाळ्यात धानाच्या बांधीच्या कडेची गांडुळं. सुके झिंगे फक्त सणाला. आणि घास किती, तर त्याच्या डोक्याएवढा. त्यावर एक दाणा नाही. मग हात धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. नुसतं पाहायला आलेल्यांनासुद्धा त्या धुवायला लावत.

डोक्याचा हा नियम त्या माणसांनाही लावायच्या. एकदा आमच्याकडे जेवायला होत्या. मी पुन्हा भात घेतला तशा माझ्या बायकोला म्हणाल्या, "वाढा. याइचं डोकं मोठं आहे, म्हणून चालून जाते."

टाक्यामागे ओलीत एक जाडा बेडूक राहायचा. तो ओपीडीचा. आला तर आला, नाही तर नाही. त्याच्यासाठी त्या संध्याकाळी ओसरीचा दिवा जरा लवकर लावत, किडे जमावेत म्हणून. "याले भरती नाही करायचं," म्हणत. "हा इथलाच आहे, आपलं आपण पाहते."

एका एकादशीला गल्लीतल्या एक आजी हळदकुंकू घेऊन आल्या. देवळात देवासमोर कासव असतं, इथे तर जितंजागतं. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पण कुंकवाचं बोट पाठीला लागू दिलं नाही.

"काहून वं, तुमच्यात चालत नाही काय?" आजींनी विचारलं. सिस्टरांच्या ओसरीवर बुद्धाची तसबीर होती.

"आमचं जाऊ द्या. हा अमेरिकेचा आहे. त्याचा धर्म अजून कोणी इचारलाच नाही त्याले."

आजी हसल्या, आणि कुंकू सिस्टरांच्या जास्वंदीला वाहून गेल्या.

माझी बायको या सगळ्यापासून दूर. पाल दिसली तरी पलंगावर चढणारी बाई ती. सिस्टरांशी तिची गट्टी होती, पण ती भिंतीवरून. अंगणात पाय नाही.

दिवाळीनंतर सिस्टर ओसरीवर घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन नागपूरला करायचं आणि पुढे तिथेच, मुलाच्या चौथ्या मजल्यावर राहायचं ठरलं. गाडी दारात आली. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. मुलगा भला माणूस, पण घाईत होता. मला हळूच म्हणाला, "भाऊ, त्या कासवाचं... नदी जवळच आहे."

सिस्टरांनी ऐकलं. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना झापलं, ती गाडीच्या छताकडे पाहत राहिली. शौर्य दाखवायची वेळ आली की मला चपलेचा अंगठा तपासायचा असतो.

बायको भिंतीपलीकडून म्हणाली, "आमच्या मोरीजवळ जागा आहे. पण मी हात लावणार नाही."

"नका लावू," सिस्टर गाडीतून म्हणाल्या. "लावला तर धुवा."

थंडी पडली आणि कासवाने जेवण सोडलं. मी चमचा वाजवला, "चला, इनडोर," म्हणालो. ते डोळे मिटून बसलं. झिंगे दिले. मोरीजवळ त्याच्यासाठी ठेवलेल्या टबाला माझी रजई गुंडाळली.

"मले ताप आला होता तेव्हा रजई दिसली नव्हती तुम्हाले," बायको म्हणाली.

दर रविवारी नागपूरहून फोन यायचा. "पेशंट जेवला?" मी नाही म्हणायचो. त्या "बरं" म्हणायच्या. मग मुलगा फोन घेऊन बाजूला जायचा आणि सांगायचा, ऑपरेशन चांगलं झालं, पण आई जेवत नाही. रोज विचारते, त्याने खाल्लं का. पवनीत एक जीव उपाशी, नागपुरात एक, आणि मध्ये मी, वाटी घेऊन.

शेवटी बायकोनेच फोन ओढला. तिकडून जे सांगितलं गेलं ते ती पदराचा शेव चावत ऐकत राहिली. थंडीत त्याचं पोट चालत नाही. जबरदस्ती करायची नाही. ऊन वर येऊ द्यायचं, पाठ तापू द्यायची, मग विचारायचं.

संक्रांत सरली, ऊन तापू लागलं. एका दुपारी अंगणातून चमच्याचा आवाज आला. बायको घमेल्यासमोर उकिडवी बसली होती, तोंड दुसरीकडे वळवून, हात जमेल तितका लांब करून. कासवाने मान काढली आणि दाणा उचलला. तिने मला फोन लावायला सांगितला आणि तो घमेल्याजवळ धरवला. कुर्र, कुर्र.

पलीकडून सिस्टरांचा आवाज आला, आमच्यासाठी नव्हे, सुनेसाठी: "आण वं, मले वाढ."

त्यानंतर दोन पावसाळे त्या फोनवरून वॉर्ड चालवत होत्या. मग एका सकाळी मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या.

नागपूरहून आम्ही परतलो ते संध्याकाळी, दिवसभराचे उपाशी. बायको घरात शिरली ती थेट अंगणात. मी तिथल्याच खुर्चीत टेकलो. चहा टाकतेस का, असं विचारलं, आणि कुठे पाहतोय याचं भान न राहून स्टुलावरचा लाल झाकणाचा डबा उचलला.

वाटीवर चमचा वाजला. बायको मान न वळवता म्हणाली, "थांबा जी, आधी पेशंटचं होऊ द्या. आन् तो डबा ठेवा खाली. तुमचे फुटाणे फडताळात आहेत."