दुसऱ्या मजल्यावरचा गाळा

"रस्ता रुंद होऊ द्या, मग बघा," असं म्हणून ते दोन्ही हात बाजूला पसरायचे. आमच्या इमारतीच्या जिन्यात हे वाक्य बोलण्यात धोका होता. जिना इतका अरुंद, की त्यांचे पंजे दोन्हीकडच्या भिंतींवर आपटत. तरी ते वाक्य पूर्ण करत, आणि मग बोटं चोळत वर चढत.

रस्ता रुंद होण्याची वाट पाहणारा असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्याकडे नारायण पेठेत हे होते. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांचं नाव इथे सांगत नाही. त्यांना चाललं असतं, पण बर्वेंना चालणार नाही.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. निवृत्तीच्या जरा आधी त्यांनी एका नव्या व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गाळा घेतला. दुकान किंवा कचेरी थाटायला शटर लावलेली रिकामी खोली विकतात, तिला आमच्या धंद्यात गाळा म्हणतात. स्वतः गाळा घेऊन गप्प बसले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण काकांचा स्वभाव चांगला. कचेरीत त्यांच्या उजव्या टेबलाला शेखसाहेब बसत आणि डाव्या टेबलाला बर्वे. काकांनी दोघांनाही मध्यान्हीच्या डब्याबरोबर रोज थोडा थोडा रुंद रस्ता वाढला, आणि दोघांनी त्यांच्या शब्दावर शेजारचे गाळे घेतले.

रस्ता होता तेवढाच राहिला. गाळ्यांना भाडेकरू मिळेना.

शेखसाहेब थंड डोक्याचे. ते म्हणाले, "गाळा घेतला ही माझी चूक. तुमचं ऐकून घेतला, हीही माझीच." त्यांनी गाळ्यात पुतण्याला शिलाई मशीन दुरुस्तीचं काम टाकून दिलं आणि विषय मिटवला. बर्वेंनी विषय मिटवला नाही. त्यांनी काकांशी बोलणं थांबवलं.

बरं, अबोला धरला म्हणून माणसाने घरी बसावं की नाही? तर ते रोज सकाळी येत, आपल्या रिकाम्या गाळ्याचं शटर उघडत आणि मधोमध खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत. शेजारी काका त्यांचा रिकामा गाळा उघडून, झाडून, उदबत्ती लावून बसलेले असत. बंद शटर दिसलं की गिऱ्हाईक मागे फिरतं, असं काकांचं मत. बर्वेंचं मत काय होतं ते त्यांच्या पाठीवरून कळायचं. शेजारशेजारच्या टेबलांशी सबंध नोकरी काढलेले दोन म्हातारे, मध्ये एक पातळ भिंत.

मी त्याच मजल्यावर जिन्याखालच्या कोनाड्यात 'इस्टेट कन्सल्टंट' अशी पाटी लावली होती. त्याआधी मी विमा विकायचा प्रयत्न केला होता आणि त्यात माझ्या मावशीखेरीज कोणी सापडलं नव्हतं. काकांनी मला पहिल्याच दिवशी काम दिलं.

"गिऱ्हाईक आण."

"दोन्ही गाळ्यांना?"

"आधी बर्वेंच्या."

"आणि तुमच्या?"

"माझ्याशी मी बोलतोय अजून," काका म्हणाले.

मी उत्साहाने पहिलं गिऱ्हाईक आणलं. त्याला पिठाची गिरणी टाकायची होती. जागा त्याला पसंत पडली. मी विजयी मुद्रेने बर्वेंकडे पाहिलं. बर्वेंनी वर्तमानपत्र खाली केलं, "दुसऱ्या मजल्यावर गिरणी. वा! पीठ आपोआप खाली जाईल. इमारतीसकट," म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं. दुसरं गिऱ्हाईक मी बँडवाल्याचं आणलं. त्याला सरावाला जागा हवी होती. बर्वेंनी वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, त्याचे दोन बोळे केले आणि कानात घातले. गिरणीच बरी होती, असं मला वाटून गेलं.

बर्वेंना काकांशी काही बोलायचं झालं तर ते माझ्यामार्फत. "अहो कन्सल्टंट, शेजारच्या गृहस्थांना सांगा, दिवा चालू राहिलाय." काका दोन हातांवर बसलेले. मी वळून म्हणायचो, "काका, दिवा." काका दिवा घालवायचे आणि मला म्हणायचे, "आभारी आहे म्हणावं." अशा निरोपांचं मी काहीच घेत नसे. दलालीत एवढं एकच काम मी बिनचूक केलं.

मग काँप्युटर क्लासची लाट आली. सोलापूरकडचे एक शिंदे सर क्लाससाठी जागा बघायला येतो म्हणाले. मी काकांना सुचवलं, की मजला गजबजलेला दिसला पाहिजे. कल्पना माझी, हे आधीच कबूल केलेलं बरं. बागेत सकाळी फिरायला येणारे काकांचे निवृत्त मित्र चहाच्या बोलीवर बोलावले. त्यांनी फक्त ये-जा करायची होती. बोलायचं नव्हतं.

आता पुण्यातल्या निवृत्त माणसांना जमवायचं आणि बोलू नका म्हणायचं, हे ज्याला शक्य वाटतं त्याने दलालीत पडू नये. शिंदे सर जिना चढून वर येतात न येतात तोच एकाने विचारलं, "गुडघे कसे आहेत तुमचे? नाही, रोज चढायचंय म्हणून विचारलं." दुसऱ्याने सांगितलं की पावसाळ्यात ही भिंत ओल धरते, हात लावून बघा. तिसरा म्हणाला, "आम्ही नेहमी नसतो हं इथे. आज चहा आहे." शेवटी सर बर्वेंपाशी आले.

"आपला गाळा का? कसा आहे अनुभव?"

"माझ्याकडे बघा," बर्वे म्हणाले. "याउपर काही विचारायचं असेल तर विचारा."

सर निघून गेले. मंडळींनी चहा घेतला. काकांनी कप गोळा केले. मी म्हणालो, "काका, बर्वेंनी स्वतःच्याच पायावर..." त्यांनी मला थांबवलं. "खरं तेच बोलला तो. फसलाय माणूस. फसवलं कोणी, हेही त्याला माहीत आहे."

त्या दिवशी ते पहिल्यांदा आपला गाळा लवकर बंद करून गेले.

आठवड्याने शिंदे सर परत आले. म्हणाले, "सगळ्या शहरात जागा पाहिल्या. सगळीकडे गोड बोलतात. दोष फक्त तुमच्या मजल्यावर कळले. ओल मी काढून घेईन, आणि पोरांना जिना चालतो. खाली क्लास काढला तर पोरं दारातच उभी राहतात." मग बोट दाखवून म्हणाले, "हा कोपऱ्यातला द्या."

कोपऱ्यातला गाळा काकांचा.

"तो मोकळा नाही," काका म्हणाले. "शेजारचा घ्या."

माझी हुशारी इथे जागी झाली. "अहो काका, तुमचाच तर आहे! रिकामाच पडलाय की!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या शांतपणे माझ्याकडे त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. "दिलाय तो."

सरांनी विचारलं, "कोणाला?"

"यांना," काका म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोठे कन्सल्टंट आहेत. कोनाड्यात किती दिवस बसणार?"

मधली भिंत पातळ होती हे मी सांगितलंच आहे. पलीकडे वर्तमानपत्राचं पान उलटण्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

क्लास बर्वेंच्या गाळ्यात सुरू झाला आणि मी काकांच्या गाळ्यात. भाडं ते मागत नसत. खुर्ची मात्र त्यांचीच राहिली, मी स्टुलावर बसायचो. काकू एकदा डबा घेऊन आल्या आणि आम्हा दोघांकडे पाहून म्हणाल्या, "तेव्हा मला स्वयंपाकघराला खिडकी पाडून हवी होती. यांनी गाळा घेतला. आता निदान तुझी तरी सोय झाली." मी स्टूल जरा मागे सरकवलं.

आता बर्वेंना मजल्यावर यायचं कारण उरलं नव्हतं. ते तरीही एका सकाळी आले. आमच्या दारात उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उदबत्ती स्वस्तातली लावता तुम्ही. शिंका येतात पोरांना."

काका खुर्चीतून उठलेच. बर्वे जिना उतरून गेले तरी ते उभेच होते. "ऐकलंस?" मला म्हणाले. "'तुम्ही' म्हणाला. मला."

पुढे धंदा बदलला. गाळ्याची स्पेस झाली. माझ्याकडे टाय लावलेली मुलं नोकरीला आली आणि मला 'फुटफॉल', म्हणजे जागेवर रोज किती माणसं ये-जा करतात ते, समजावून सांगू लागली. मी मान डोलावतो. चहाच्या बोलीवर जमवलेली माणसं त्यात धरतात की नाही, हे मात्र विचारायचं राहिलं. एका कंपनीने आमचा सबंध मजला विकत घेतला, भिंती पाडल्या आणि काचा लावल्या. काका मुलाकडे वारज्याला राहायला गेले.

एक दिवस बर्वे माझ्या कचेरीत आले. "वारज्याचा पत्ता आहे ना तुमच्याकडे? मला घेऊन चला."

मी घेऊन गेलो. काकूंनी पोहे केले. बर्वेंनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि थेट काकांना म्हणाले, "गाळ्याचे पैसे आलेत. कुठे घालू?"

काकू आधी सावरल्या. "बँकेत हो भावजी! बँकेत ठेवा!"

"वहिनी, तुम्हाला नाही विचारलं मी."

काकांना ठसका लागला. पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "उद्या सकाळी या. चपला नकोत, बूट घाला. चालायचंय."

दोघे वारजेभर हिंडले. अर्धवट बांधलेल्या इमारती, सळया, वाळूचे ढीग. मी मागून गाडी ढकलल्यासारखी चालवत होतो. मी चार चांगल्या जागा सुचवल्या, आकड्यांसकट. बर्वेंनी त्या ऐकूनही घेतल्या नाहीत. काकांनी एका इमारतीतल्या मागच्या बाजूच्या गाळ्याकडे काठी दाखवली, आणि बर्वेंनी तिथल्या तिथे तो घेतला.

त्या हिवाळ्यात काका गेले. गाळ्याचा ताबा त्यानंतर मिळाला. इमारत पूर्ण झाली तेव्हा कळलं, की त्या गाळ्याच्या दारासमोर विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर बसवला आहे.

मी बर्वेंना म्हणालो, विकून टाकू, तोटा फार होणार नाही. ते म्हणाले, गिऱ्हाईक आणा. मी रक्त तपासणीची लॅब काढणारा एक तरुण आणला. तो आत जाऊन आला, बाहेर उभा राहिला, जरा घोटाळला.

"आजोबा, खरं सांगा. जागा कशी आहे?"

मी डोळे मिटून घेतले. बर्वेंना मी वर्षानुवर्षं ओळखत होतो.

"उत्तम," बर्वे म्हणाले. "फार जाणकार माणसाने निवडून दिलेली आहे."

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रान्सफॉर्मरकडे पाठ करून उभा राहिलो, जितकं रुंद होता येईल तितकं होऊन.