चालत्या गाडीचे दिवे मी का मालवले

चालत्या मोटारीचे दिवे मी स्वतःच्या हाताने मालवले, एवढे खरे आहे. त्यापुढे आमच्या गणगोतात जे सांगितले जाते, त्यातला एकही शब्द मला मान्य नाही.

मुलगा म्हणतो, बाबांना रात्री दिसेनासे झाले आहे आणि ते कबूल करणे त्यांच्या स्वभावात नाही. भाचा म्हणतो, मामाजींना डुलकी लागली. ज्याने ते दिवे बसवून दिले तो अकोल्याचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, वायरिंगमध्ये खोट नाही, वकीलसाहेबांनी भलतेच बटन दाबले. वायरिंगपुरते त्याचे म्हणणे खरे आहे. उरलेले सगळे ऐकीव. अमरावतीच्या दिवाणी न्यायालयात माझी हयात गेली. जागेवर नसलेल्या साक्षीदारांनी इतक्या छातीठोकपणे दिलेल्या जबान्या मी तिथेही फारशा ऐकल्या नाहीत. या तिघांपैकी दोघे त्या वेळी गाडीत नव्हते, आणि जो होता त्याचे डोके मोबाइलमध्ये होते.

वाद सुरू झाला महालक्ष्म्यांच्या वेळी. मुलगा पुण्याहून आला होता. आम्ही दोघे अकोल्याहून परतत होतो, गाडी मी चालवत होतो, आणि दर्यापूरच्या अलीकडे रस्त्यातच ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. मी ब्रेक दाबला आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. वास्तविक हे माझ्या नजरेचे प्रमाणपत्र मानायला हवे होते. मुलाने ते उलटे वाचले.

"बाबा, आता किल्ली द्या. दिवसा चालवा हवं तर, रात्री नाही."

"दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले आहेत. डॉक्टरने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून घेतली माझ्याकडून."

"डॉक्टरकडे ट्रॉली नव्हती, बाबा."

किल्ली गेल्याने माणसाचे काय जाते, हे ज्याची गेली नाही त्याला समजत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, गाव दर्यापूरच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून आत आहे. एस. टी. फाट्यावर उतरवते, पुढे जीप आहे, पण ती भरेल तेव्हा निघते. आईवडील गेल्यापासून मी आक्काकडे मनात येईल तेव्हा, कोणाला न विचारता, जात आलो आहे. काम आटोपून निघायचे म्हणजे वाटेत अंधार ठरलेला. किल्ली मुलाच्या खिशात गेली असती, तर बहिणीला भेटायला मला पुण्याच्या सवडीची वाट पाहावी लागली असती. म्हणून मी लढलो.

माझे म्हणणे सरळ होते: दोष डोळ्यांत नाही, दिव्यांत आहे. कंपनीने दिलेले ते दिवे गाडी नवी होती तेव्हाच मिणमिणते होते. आता त्यांच्यावरचे प्लास्टिकही म्हाताऱ्याच्या नखासारखे पिवळे पडले होते. अकोल्याच्या इलेक्ट्रिशियनने ते दुकानात लावायला सांगितले, समोर तळहात धरला, आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "वकीलसाब, हा हेडलाइट होय का अगरबत्ती?"

"याच अगरबत्तीने मला ट्रॉली दिसली."

"ट्रॉलीनं तुमाले पायलं असन साहेब. तिची मेहेरबानी."

त्याच्याशी मी बराच वेळ भांडलो. त्याला हल्ली सगळे लावतात तसले निळसर पांढरे लखलखाट बसवायचे होते. समोरून येणाऱ्याला आंधळे करून आपण पाहावे, हे मला मंजूर नव्हते. अखेर तडजोड झाली. काचा घासून स्वच्छ करायच्या, बॅटरीपासून जाड तारा ओढून मध्ये रिले घालायचे म्हणजे दिव्यांना पुरेशी वीज मिळेल, बल्ब चांगले घालायचे, आणि गाडी भिंतीसमोर उभी करून डिपरची, म्हणजे खाली पाडलेल्या झोताची, रेघ समोरच्याच्या डोळ्यांखाली राहील अशी बसवायची. दिवस मावळताना भिंतीवर ती रेघ उमटली तेव्हा मी थक्क झालो. विटांच्या सांध्यांतली वाळूसुद्धा दिसत होती.

दिवाळीला मुलगा पुन्हा आला आणि आमचा तह झाला. भाऊबीजेला दिवेलागणीनंतर पोचू अशा बेताने आक्काकडे निघायचे, गाडी मी चालवायची, त्याने शेजारी बसायचे. त्याची खात्री पटली तर किल्ली माझी. नाही पटली, तर आत्याच्या घरी, चारचौघांसमक्ष, मी ती सोडायची.

अमावास्या उलटून दोनच दिवस झाले होते. दर्यापूर मागे पडले आणि काळोख मिट्ट झाला. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडे फुटलेली होती. माझ्या दिव्यांत ते रान धुतल्यासारखे पांढरे दिसत होते. मी एकेक पुरावा सादर करत चाललो होतो. तो बघ खड्डा. तो बघ बिनदिव्याचा सायकलवाला. ते बघ मुंगूस. मुलगा दिवाळीच्या शुभेच्छांना उत्तरे देत "हूं" म्हणत होता. आक्काच्या गावाच्या वेशीवरचा फलक मला इतक्या दुरून कधीच वाचता आला नव्हता.

"वाचून दाखवू? 'हागणदारीमुक्त गावात आपले सहर्ष स्वागत.'"

"पाठ असेल तुम्हाला," तो मान वर न करता म्हणाला.

फलकापुढे नाल्यावरचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, आहे आणि रपटा ओलांडला की वळण. वळणावर दिव्यांचा झोत रस्ता सोडून कडेच्या पडीक जागेवरून फिरतो. तो फिरला, आणि त्या जागेतून माणसे उठू लागली.

बायका होत्या. उजेड जसजसा पुढे सरकला तसतशा एकीमागून एक उठत गेल्या. पाठ रस्त्याकडे, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हातातला डबा लुगड्याआड. कोणी पळाली नाही, कोणी ओरडली नाही. साहेब तपासणीला आले की शाळेतला वर्ग उभा राहतो, तशी ती रांग मुकाट्याने उभी राहिली. एका तरण्या पायात नवे पैंजण चमकले, दिवाळीचे. ही रीत मला ठाऊक नव्हती असे नाही. मी खेड्यातच वाढलो. पण ठाऊक असणे वेगळे. आपणच बसवून घेतलेल्या उजेडाने ती रांग उठताना पाहणे वेगळे.

शेवटच्या बाईला उठायला वेळ लागला. तिने डावा तळहात गुडघ्यावर दाबला, दुसऱ्या हाताने शेजारणीचा खांदा धरला, आणि थांबत थांबत कंबर सरळ केली. माझ्या ओळखीत असे एकच माणूस उठते. गुडघा दुखावल्यापासून आक्काला मी जेवणाच्या ताटावरून असेच उठताना पाहत आलो आहे.

माझा पाय आधीच ब्रेकवर गेला होता. गाडी माणसाच्या चालीवर आली होती, पुढचा रस्ता रिकामा असल्याचे मी नुकतेच पाहिले होते. मी दिवे मालवले. डिपर देऊन भागले नसते. डिपरच जमिनीलगत तिथवर पोचत होता, आणि तो तसा खाली राहावा म्हणून मीच अकोल्यात भांडलो होतो.

"बाबा! लाइट! काय केलंत?"

त्यांच्या पाठीमागून आम्ही हळूहळू पुढे सरकलो. मी दिवे पुन्हा लावले तेव्हा वळण मागे पडले होते आणि समोर नुसता रस्ता होता.

"दिसत नव्हतं का? की चुकून दाबलं गेलं? बोला ना!"

गप्प राहणाऱ्या पक्षकाराविरुद्ध कोणते अनुमान निघते, हे मला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. तरी मी गप्प राहिलो. जिच्या घरी ओवाळून घ्यायला चाललो होतो, तिची ती पाठ मी मुलाला शब्दांतही दाखवणार नव्हतो.

पोचताच मुलाने दारातच भाच्याला सगळे सांगितले. भाच्याने डुलकीचा निकाल तिथल्या तिथे दिला, चहा मांडायला सांगितला, आणि मुलगा घरामागच्या संडासात गेला. चांगला फरशीचा संडास आहे. भाच्याने हौसेने बांधला, छतावर काळी टाकी बसवली. बादलीमागून बादली पाणी ओतल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू येत होता. घरात असा संडास असताना ती नाल्यावर का गेली, याचा मला काही केल्या उलगडा होईना. एवढ्यात मागच्या दाराने आक्का आली. तिने तांब्याभर पाण्यात हातपाय धुतले.

"आले का बाप्पा तुमी? भाऊ, वाळला वो तू."

मला तिच्याकडे पाहवेना.

पाट मांडला गेला. ती तबक घेऊन समोर आली, निरांजनाची ज्योत माझ्या तोंडासमोरून फिरू लागली, आणि ज्योतीमागे तिचा चेहरा नेहमीसारखा, सणाचा, हसरा होता. मी तबकात तिच्यासाठी आणलेले लुगडे ठेवले. मग खिशातून गाडीची किल्ली काढून लुगड्यावर ठेवली. करार तो करार. पण मुलाच्या हातात देण्यापेक्षा बहिणीच्या तबकात बरी.

"हे काय होय?"

"किल्ली. त्याला हवी आहे."

मुलगा पुढे झाला. "आत्या, बाबांनी आज चालत्या गाडीचे लाइट बंद केले. त्यांना रात्री दिसत नाही हो आता."

आक्काने तबक खाली ठेवले. "दिसत नाई? अरे बह्याडा, त्याले दिसलं म्हनूनच त्यानं बंद केले."

"आक्का, राहू दे," मी म्हणालो.

"काऊन राहू दे? आमी बाया बसलो होतो नाल्याजोळ. एवढा पांढरा उजेड आला, मले वाटलं टरक आला. समद्या उठलो. अन् एकदम अंधार! टरकवाले तं उलटा अप्पर मारतेत, हारन वाजवतेत, दात काढतेत. आमच्यासाठी दिवा मालवनारा मी तं पयल्यांदाच पायला. तवाच म्हनलं, हा माहा भाऊच होय."

भाचा ताडकन उठला. "आई, पाव्हन्यायपुढं काय बोलून राहिली तू!"

"पाव्हन्यायपायीच तं गेलती. नळ किती दिसाचा आला नाई. खाऱ्या विहिरीचं पानी ओढून आनाव तं सून एकटी सनाचं करून राहिली. टाकीत उरलं होतं थोडकसं. म्हनलं, हे शहरातले लोकं, यायले बादल्या लागतेत. ठेवा त्यायच्यासाठी."

मुलाने संडासाच्या दाराकडे पाहिले. हात पुसलेला रुमाल अजून त्याच्या मुठीत ओला होता.

आक्का मात्र थांबायला तयार नव्हती. माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् भाऊ, तुह्या जुन्या लाइटीचं तं नाव होतं गावात. तुही गाडी आली का बाया म्हनत, बसा वो, वकिलाची हाये, तिच्यात काई दिसत नाई. आजवर तुह्या गाडीले कोनी उठलंच नाई!"

स्वयंपाकघरात सून तोंडाला पदर लावून हसली. आक्काही हसली. मला हसता आले नाही. म्हणजे दर खेपेस त्या वळणावरून, त्यांच्यापासून चार हातांवरून, मी गेलो होतो. दर खेपेस ती रांग तिथेच होती, कधी तीत माझी बहीण होती, आणि मला मात्र प्रत्येक वेळी रस्त्याची कड मोकळी दिसली होती. तरीही तो दोष दिव्यांचा होता, डोळ्यांचा नव्हे, हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही.

आक्काने किल्लीवर पडलेले कुंकू पदराने पुसले आणि ती माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. "त्याच्यापाशी राहू दे," ती मुलाला म्हणाली. "तुले काय दिसते, मोबाइलात?"

या प्रसंगानंतर प्रत्येकाने आपली जबानी मागे घ्यायला हवी होती. कोणी घेतली नाही. भाच्याने छतावर दुसरी टाकी चढवली आहे. तीत पडायचे पाणी अजून यायचे आहे, आणि डुलकीची कथा तो अजूनही सांगतो. मुलगा चार लोकांत दिसेनासे झाल्याचीच गोष्ट सांगतो. त्याचे म्हणणे, खरी सांगायची तर आत्याला मध्ये आणावे लागेल. यावर माझा आक्षेप आहे. माझ्या डोळ्यांची अब्रू घालवून गावाची अब्रू राखण्याचा अधिकार याला कोणी दिला?

लिहिण्यापूर्वी मी आक्काला विचारले. ती म्हणाली, "लिही ना. मले कायची लाज? नाव मात्र टाकू नको, नाईतं पुढच्या दिवाळीले पाव्हने यायचे नाईत."

किल्ली माझ्याकडे आहे. दिवे उत्तम आहेत. तो फलक अजूनही दुरूनच वाचता येतो. रपट्याच्या अलीकडे मी गाडी कडेला उभी करतो, दिवे मालवतो, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबतो, आणि मग माणसाच्या चालीने वळण घेतो. माझ्या नजरेविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी एकदा शेजारी येऊन बसावे. मोबाइल तेवढा घरी ठेवून यावे.